‘कुठला खड्डा?’ विचारणारा सोलापूरचा दादा

मे महिन्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं काम गल्लोगल्ली चालतं आणि शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमचा सीझन. हॉलमध्ये दोन मशिनी, आतल्या खोलीत कापलेल्या शर्टांचे गठ्ठे, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. अशा उन्हात नऊ वर्षांच्या पोराला खेळायला कोण सोडणार? मी माझाच फोन त्याच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत बसवलं. पोरगं गप्प बसलं. मला तेवढंच हवं होतं.

त्याच फोनवर माझं यूपीआय, आणि त्या खात्यात काज-बटण करणाऱ्या बायकांची मजुरी.

फोनवर तो जो खेळ खेळायचा त्याचं नाव लिहीत नाही. अनोळखी माणसासोबत टीम करता येते आणि माइकवर बोलता येतं, अशा कुठल्याही खेळात हे घडू शकतं. सुरुवातीला वय विचारतात तिथं याने माझं जन्मसाल टाकून दिलं होतं. लहान मुलांसाठी त्या खेळात जी काही बंधनं होती, ती त्या एका आकड्याने उठली. त्याच्याच टीममध्ये एक ‘दादा’ आला. मराठी बोलणारा, आवाजावरून वीस-बावीसचा. याला दोनदा हरण्यातून वाचवलं आणि तिसऱ्या दिवशी एक भारीतला पोशाख भेट पाठवला. पोशाख खरा होता, खोटा नव्हता. मासा धरायला गांडूळ खरंच लावावं लागतं.

मग म्हणाला, हेडफोन लाव, आवाज घुमतोय. मग म्हणाला, खेळातलं चॅट हळू चालतं, व्हॉट्सॲपवर ये. व्हॉट्सॲप अर्थात माझंच. पोराने ते चॅट आर्काइव्हमध्ये, म्हणजे मुख्य यादीत दिसणार नाही असं, टाकून ठेवलं. तेही दादानेच शिकवलं.

पैसे ८० रुपयांपासून सुरू झाले. ‘दुकानात ८०० चे कॉइन, माझ्याकडे ८० मध्ये.’ क्यूआर कोड आला, पोराने स्कॅन केला, पिन टाकला. पिन त्याला पाठ होता, कारण हात धाग्यांत अडकले की मीच म्हणायची, ‘टाक रे पिन.’ आणि पिन काय, तर त्याचंच जन्मसाल! त्या ८० चे कॉइन खरोखर आले. पुढे २४०, मग तीन वेळा ८००. तेव्हा काहीच आलं नाही. मग ‘तुझा आयडी बॅन होतोय, सोडवायला २,९९९ लागतील’, मग ५,०००, मग ७,५००. नऊ दिवसांत आठ वेळा मिळून १८,२१९ रुपये गेले. बँकेचे मेसेज पुसायला दादानेच सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, पोराने एका शब्दाने सांगितलं कसं नाही? मीही तेच ओरडत होते. पण एप्रिलमध्ये मीच म्हटलं होतं, ‘परत गेम दिसला तर फोन शेंगाच्या चटणीसारखा उखळात कुटीन.’ हे वाक्य पोराने गप्पांत दादाला हसत हसत सांगितलं होतं. आणि पैसे द्यायला पोरगं कचरलं की तो दर वेळी हेच वाक्य त्याला परत ऐकवायचा. ‘आईला कळलं तर ती काय करेल, आठवतंय ना?’ त्याला वेगळी धमकी शोधावीच लागली नाही.

उघडकीला आलं ते शनिवारी, मजुरीच्या दिवशी. दुपारी दोन वाजता पहिल्या बाईला पैसे पाठवायला गेले तर शिल्लक अपुरी. हिस्टरी उघडली, अनोळखी नावं बघितली आणि पोराला एक लगावली. त्यानंतर अर्धा तास तो तोंडातून शब्द काढेना. तो अर्धा तास मला फार महाग पडला.

शेजारच्या अक्कांची मुलगी कॉलेजला जाते, ती धावत आली. मी चॅट डिलीट करून नंबर ब्लॉक करायला निघाले होते, तिने हात धरला. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले आणि मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. त्या नंबरवर प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) विचारतात, तेव्हा हिस्टरी समोर उघडी ठेवूनच बसा. तिथं नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवतात आणि तिथं जे उरलं असेल ते अडकवतात. सकाळचे ७,५०० त्या खात्यात अजून होते, ते अडकले. आधीचे सगळे पुढच्या खात्यात, तिथून एटीएममधून काढलेले. अडकलेलेही अजून माझ्या हातात नाहीत. 

सोमवारी लेखी अर्ज घेऊन बँकेत गेले. तिथले साहेब सौजन्याने बोलले, पण सरळ बोलले. ‘मॅडम, पिन तुमच्याच घरातून टाकलाय.’ मग त्यांनी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम सांगितला. चूक बँकेची असेल, किंवा चूक ना बँकेची ना तुमची पण तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण पिन, पासवर्ड ग्राहकाकडूनच फुटला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. गल्लीतल्या एकाने वर ज्ञान पाजळलं की ‘पैशांचे गेम २०२५ च्या कायद्याने बंद झालेत ना, मग हे कसं?’ तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांचा आहे, भाऊ. खेळातले कपडे विकत घेणं त्यात येत नाही, आणि चोराला तर कुठलाच कायदा येत नाही.

पैशांचं एक वेळ सोडा. रात्री ते चॅट पहिल्यापासून वाचलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. आई कामात किती वाजेपर्यंत असते, बाबा कधी येतात, शाळा कुठली (पोराने बॅजचा फोटो पाठवला होता), आणि शेवटी ‘दार लावून व्हिडिओ कॉल कर’. पोराने कॉल केला नाही, कारण गठ्ठ्यांमुळे त्या खोलीचं दार लागतच नव्हतं. इतक्याशा गोष्टीवर निभावलं. हा भाग आम्ही सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर वेगळा नोंदवला. तिथं स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मुलाच्या बाबतीत कुणाशी बोलायचं असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. आणखी एक. खेळाचा आयडी माझ्या गूगल खात्याला जोडलेला होता आणि मोबाइलवर आलेला कोड पोराने दादाला दिला होता. खात्यात लॉगिन असलेल्या डिव्हाइसची यादी बघितली तर एक फोन आमचा नव्हताच. तो काढला, पासवर्ड बदलला. ही यादी तुम्हीही आज बघून घ्या.

आता खेळायला यांचा जुना फोन आहे, त्यात सिमही नाही आणि बँकही नाही. पोराचं खरं वय टाकून वेगळं खातं काढलंय, गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपवर माझी परवानगी लागते. माइक बंद, मित्र फक्त वर्गातले. खेळायचं हॉलमध्ये, मशिनीच्या खडखडाटात. खेळ पूर्ण बंद करा असं यांचं म्हणणं होतं, मीच नको म्हटलं. पुन्हा लपवाछपवी सुरू झाली असती.

चार दिवसांनी पोरगं आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसलं आणि आम्ही ते स्क्रीनशॉट एकत्र बघितले. मी विचारलं, तुला तो सोलापूरचाच का वाटला रे? म्हणाला, ‘तो पण का बे, चल बे म्हणायचा ना!’ मग एके ठिकाणी पोराने लिहिलेलं दिसलं, ‘दादा, जानेवारीत गड्ड्याला भेटू.’ त्यावर दादाचं उत्तर, ‘कुठला खड्डा?’ सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची जानेवारीतली जत्रा, माहीत नसलेला सोलापूरकर! पोराने त्याला पाळणे, नंदीध्वज सगळं समजावून सांगितलं, तेव्हा म्हणे, ‘हां हां, चेष्टा केली बे.’

मला हसू आलं. पोरगं हसलं नाही. ते बोटाने मागे मागे सरकवत पहिल्या दिवसापर्यंत गेलं आणि म्हणालं, ‘आई, इथं बघ, हा आधी भाई म्हणायचा. बे मीच शिकवलंय त्याला.’