कोडस्पेल : कमेंटमधील स्पेलिंग एकसारखे ठेवणारे साधन

रत्नागिरीतील आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयात बहुतेकांचे शालेय इंग्रजी ब्रिटिश वळणाचे, तर सीएसएससारख्या (वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या) संगणकी भाषांतील शब्द अमेरिकी. त्यामुळे एकाच फाइलमध्ये कोडमधला 'कलर' यूशिवाय (color) आणि त्याच्या वरच्या कमेंटमधला, म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपेतला, यूसह (colour), अशी सरमिसळ होई आणि शोध घेताना काही कमेंट हाती लागतच नसत. यावर कोडस्पेल हे मुक्तस्रोत साधन मला मनापासून आवडले. ब्रिटिश रूपे पकडणारा त्याचा शब्दसंग्रह मुळात बंद असतो. 'बिल्टिन' पर्यायात या शब्दसंग्रहाचे नाव दिले, की ओळ क्रमांकासह सापडलेले आणि सुचवलेले रूप समोर येते. मात्र कमेंट आणि कोड असा भेद ते करीत नाही. अंडरस्कोअरने जोडलेल्या नावातील शब्द सुटतो, पण व्हेरिएबलचे (कोडमध्ये मूल्य साठवणाऱ्या घटकाचे) नावच नुसते यूसह 'कलर' असेल, तर तेही दुरुस्तीच्या यादीत येते. म्हणून ती यादी नीट वाचल्याशिवाय आपोआप बदल लिहिण्याचा पर्याय वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना ब्रिटिश रूपेच कायम ठेवायची आहेत, त्यांनी व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकातील 'कोड स्पेल चेकर' ही जोडणी घ्यावी. तिच्या सेटिंगमध्ये ब्रिटिश इंग्रजी निवडता येते.