तीन थरांच्या बॅकलिंकचं पॅकेज घेतलं आणि होती ती साइटही गेली

८८,४७० रुपये. बॅकलिंकपायी गेले, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक विकत घेण्यापायी. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण हा आकडा घरी सांगायला मला दीड महिना लागला आणि त्या दीड महिन्यात मी धड झोपलो नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादर-टॉवेलचा लहान कारखाना आहे. बारा माग, अण्णांनी उभे केलेले. लॉकडाउनमध्ये बाहेरगावचे व्यापारी यायचे थांबले तेव्हा, २०२१ साली, मी वेबसाइट काढली. फोटो मी काढले, मजकूर मी लिहिला, भाव मी टाकले. तीन वर्षांत ‘सोलापुरी चादर होलसेल’ असं शोधलं की आमची साइट पहिल्या पानाच्या तळाशी नाहीतर दुसऱ्या पानावर दिसायला लागली. महिन्याला तीस-पस्तीस चौकश्या यायच्या, लॉजवाले, हॉस्टेलवाले, मंगल कार्यालयवाले. हे मुद्दाम सांगतोय. “झटपट वर जायची हाव सुटली म्हणून फसलास,” असं मला तोंडावर ऐकवलं गेलंय. हाव नव्हती. हलका माल सोलापुरी म्हणून विकणाऱ्यांच्या साइट आमच्या वर दिसायच्या. भौगोलिक मानांकन असलेली खरी चादर विणणारा खाली आणि नकली विकणारा वर, हे ज्याच्या पोटावर येतं त्यालाच कळेल.

जून २०२४ मध्ये फोन आला. पुण्याहून बोलतोय म्हणाला. बोलणं अदबीचं, एकदाही घाई नाही. “सर, तुमची साइट चांगली आहे हो, पण तुम्हाला बाहेरून लिंक फक्त अकरा आहेत. तुमच्या वर जो आहे त्याला साडेचारशे आहेत.” मी भाच्याकडून तपासून घेतलं, आकडा खरा निघाला. हे लक्षात ठेवा. अशी माणसं सुरुवातीला खोटं बोलतच नाहीत. पहिली गोष्ट खरी सांगतात, त्या एका खऱ्यावर पुढचं सगळं खपतं.

मग त्याने थर समजावले. पहिल्या थरात चांगल्या साइटवर लेख, त्यातून थेट आपल्याला लिंक. दुसऱ्या थरात त्या लेखांना लिंक देणारे फुकटचे ब्लॉग. तिसऱ्या थरात त्या ब्लॉगना हजारोंनी लिंक, कमेंटमधून, प्रोफाइलमधून, सॉफ्टवेअरने टाकलेल्या. “खालची घाण खालीच राहते सर, ताकद तेवढी वर चढते. गूगलला तुमच्यापर्यंत फक्त पहिला थर दिसतो.” तेव्हा पटलं. कारण मुळातला भाग खरा आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास पेजरँक, म्हणजे पानांचं वजन ठरवायची पद्धत, काढलं ते याच पायावर, की एका पानाने दुसऱ्याला लिंक देणं म्हणजे त्याची शिफारस करणं, आणि शिफारस करणाऱ्याला स्वतःला किती शिफारशी आहेत तेही मोजायचं. पण विकत घेतलेली शिफारस ओळखायचं काम गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणून जोरात सुरू केलं, आणि सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य यंत्रणेतच बसवलं. पैसे देऊन घेतलेल्या लिंकवरून गूगलने जानेवारी २०१२ मध्ये स्वतःच्याच क्रोमच्या पानाला निदान साठ दिवसांसाठी खाली ढकललं होतं. जे स्वतःच्या पानाला सोडत नाहीत, ते माझ्या टॉवेलच्या पानाला सोडतील होय? हे सगळं मी नोव्हेंबरनंतर वाचलं. जूनमध्ये वाचायला हवं होतं.

आता पैसे. ८ जुलैला पहिला थर, २४,००० अधिक जीएसटी, २८,३२०. १२ ऑगस्टला दुसरा थर, २०,६५०. २ सप्टेंबरला तिसरा थर आणि ‘इंडेक्सिंग’ (त्या लिंक गूगलच्या नोंदीत आणणं), ११,८००. त्यानंतर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर ‘मेंटेनन्स’ म्हणून दरमहा ५,९००, म्हणजे १७,७००. शेवटचे १०,००० कशाचे ते पुढे सांगतो, ते सांगताना जास्त लाज वाटते.

आता तो क्षण. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याने एक्सेल शीट पाठवली. चाळीस ओळी, प्रत्येकीसमोर साइटचं नाव, डीए ६२, डीए ७१ असे साइटचं वजन सांगणारे आकडे, हिरव्या रंगात ‘लाइव्ह’. रात्री साडेदहाला, माग बंद झाल्यावर, मी कारखान्याच्या ऑफिसात बसून ती उघडली. चौदाव्या ओळीवर क्लिक केलं. इंग्रजीत दातांवरचा लेख होता. दात पाडल्यावर नवा दात कसा बसवतात, हाड किती लागतं, सूज कधी उतरते. तिसऱ्या परिच्छेदात सूज उतरायला दोन आठवडे लागतात असं वाक्य, आणि त्याच्या लगेच पुढे, “सोलापुरी चादरीचे सर्वोत्तम होलसेलर” असे निळे शब्द, त्यावर आमची लिंक. त्यानंतर पुन्हा दात. पानाच्या उजव्या बाजूला जुगाराच्या जाहिराती. लेखाखाली लेखकाचं नाव नाही, तारीख नाही.

मी ते पान बघितलं. पूर्ण बघितलं. आणि मला बरं वाटलं! आपलं नाव परदेशातल्या साइटवर आलं, एवढंच डोक्यात आलं. स्क्रीनशॉट काढून मेहुण्याला पाठवला.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की चादर हातात घेऊन आधी उलटी करतं. जॅकार्डच्या खऱ्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना उठते, फक्त रंग उलटे होतात. मागची बाजू बघितल्याशिवाय चादर घेऊ नका, हे मी स्वतः वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. त्या रात्री दातांच्या लेखात माझी चादर का आली, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर २८,३२० वर सुटलो असतो. नाही विचारला. काही दिवसांनी दुसऱ्या थराचे २०,६५० पाठवले. ते पान अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ज्यांना अशी शीट आली असेल त्यांनी आज, आत्ता, कोणत्याही दहा ओळी उघडा. सगळं पान वाचा, नुसतं आपलं नाव शोधू नका. आणि तो डीए गूगलचा नाही. मॉझ नावाच्या खाजगी कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. जुनी सोडून दिलेली डोमेन विकत घेऊन तो आकडा फुगवताही येतो.

सप्टेंबरमध्ये रिपोर्ट आला, बारा शब्दांवर आपण पहिले! शब्द कसले, तर ‘अक्कलकोट रोड सोलापूर जॅकार्ड चादर टॉवेल नॅपकिन उत्पादक होलसेल’. असं कोण शोधतं? जे कोणी शोधत नाही त्यावर पहिला नंबर कोणालाही मिळतो. मी माझ्या मोबाइलवर बघितलं तर खरंच वर दिसलो. पण रोज स्वतःची साइट उघडणाऱ्याला गूगल त्याचीच साइट वर दाखवू शकतं, हे मला भाच्याने नंतर सांगितलं. इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे आधी काय उघडलं ते लक्षात न घेणाऱ्या खिडकीत, दुसऱ्या गावातल्या माणसाला सांगून बघा. भेटींचा आकडाही चौपट झाला होता, सगळ्या बाहेरच्या देशांतून, शून्य सेकंद थांबलेल्या. फोन मात्र एकही वाढला नाही. ‘सर, चार-सहा महिने लागतातच,’ हे त्याचं उत्तर. तेही अर्धं खरं आहे, खऱ्या कामालाही तेवढे महिने लागतात.

ऐन थंडीच्या तोंडावर, चादरीच्या सीझनमध्ये, साइट गायब झाली. २४ नोव्हेंबरला भाचा पुण्याहून आला होता. त्याने सर्च कन्सोल, म्हणजे साइटच्या मालकाला गूगलकडची माहिती दाखवणारं पान, उघडलं आणि विचारलं, “मामा, हे कधी आलं?” १९ तारखेची नोटीस होती, मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई, कारण साइटकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक. मेलही आला होता, मी उघडला नव्हता. महिन्याच्या पस्तीस चौकश्यांवरून डिसेंबरमध्ये तीन आल्या. तीन. पंढरपूरच्या एका लॉजवाल्याची ठरत आलेली दोनशे चादरींची ऑर्डर गेली, कारण त्यांना आमची साइट ‘सापडेना’ म्हणे आणि सापडली ती दुसरी घेतली.

मी त्या माणसाला फोन केला. तो शांत. “नॉर्मल आहे सर, आमची लिंक काढायची टीम वेगळी आहे. ३५,००० होतील, टोकन दहा द्या, आजच सुरू करतो.” भाचा बजावून गेला होता, एक रुपया देऊ नकोस म्हणून. २५ तारखेला मी दिले. सीझन चालू होता, बारा मागांवर माणसं होती, त्यांचे पगार होते. दुसरं काय करणार होतो? ३ डिसेंबरनंतर तो नंबर लागलाच नाही. ज्याने घाण टाकली तोच ती काढायचे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

मग सीएने बिलं बघितली. पत्ता पुण्याचा, पण जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. दिल्लीच्या नंबरवरून आम्हाला बिल आलं तर दोन राज्यांमधला आयजीएसटी लागतो, यांनी एकाच राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेला. पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द. ती बिलं टू-बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, कधी आलीच नव्हती. आमच्या अकाउंटंटने सप्टेंबरमध्ये सांगितलंही होतं, मी ‘उशिरा भरत असेल’ म्हणून सोडून दिलं. पैसे द्यायच्या आधी जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. फुकट आहे, अर्धा मिनिट लागतं.

यानंतरचं लिहिताना हात थरथरतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद केली, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर अर्ज केला. ती सोय पैसे गेल्या गेल्या गोठवण्यासाठी आहे, माझे पहिले पैसे पाच महिन्यांपूर्वी गेले होते, त्यामुळे तिथली अडचण मला समजते. पण पोलीस ठाण्यात? पाच वेळा गेलो. पहिल्या वेळी बॅकलिंक म्हणजे काय हे तीन जणांना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्याने विचारलं, “म्हणजे माल मिळाला ना तुम्हाला?” मी म्हणालो, साहेब, विष मिळालं. “मिळालं ना पण? मग हे दिवाणी आहे.” दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या वेळी सगळ्या लिंकच्या प्रिंट मागितल्या. १४० पानं, ४२० रुपये, काढून नेल्या. चौथ्या वेळी त्या प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून परत. हे तिसऱ्या वेळी का सांगितलं नाही? पाचव्या वेळी भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे एवढं मला सांगितलं, गुन्हा मात्र नोंदवला नाही, अर्जावर शिक्का मारून दिला. रद्द झालेल्या नंबरवर कर घेतला, खोटं बिल दिलं, तरी हे दिवाणी? मग फौजदारी कशाला म्हणायचं?

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. कराच्या ऑफिसात सांगितलं, नंबर दुसऱ्या राज्याचा आहे, तिकडे लिहा. लिहिलं, पोच नाही. वकिलाने ग्राहक आयोगाचं विचारल्यावर २०१९ चा कायदा काढून दाखवला, व्यापारासाठी घेतलेली सेवा असेल तर तुम्ही ग्राहक नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, पण बारा माग आणि पगारी माणसं म्हटल्यावर समोरचा तिथेच पकडेल. म्हणजे मी टीव्ही घेऊन फसलो असतो तर ग्राहक, आणि कर भरून, माणसं पोसून फसलो तर कोणीच नाही. प्रत्येक खिडकीवर मीच चूक केल्यासारखं माझ्याकडे बघितलं गेलं. “एवढे शिकलेले तुम्ही,” हे वाक्य चार ठिकाणी ऐकलं. शिकलेल्या माणसाची तक्रार घ्यायची नाही असा काही नियम आहे का?

गूगलला मी दोष देत नाही, नियम त्यांच्या पानावर आधीपासून लिहिलेला आहे. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही हेही तिथेच लिहिलंय. हमी देणारा भेटला की फोन ठेवा. सर्च कन्सोलची मालकी स्वतःच्या मेलवर ठेवा, दुसऱ्याला मालक करू नका, आणि तो मेल रोज उघडा.

साफसफाई मी आणि भाच्याने केली. सर्च कन्सोलमधून लिंक उतरवल्या, १,१४० डोमेनची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून डिसअव्हाउला, म्हणजे ‘या लिंक मोजू नका’ असं गूगलला सांगायच्या सोयीत, दिली. त्याआधी शक्य तिथे मेल करून लिंक काढायला सांगितल्या, सात जणांनी काढल्या. फेरविचाराचा पहिला अर्ज नाकारला गेला. दुसऱ्यात काहीही न लपवता लिहिलं, किती दिले, कोणत्या तारखेला, काय घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाई उठली. पण साइट जुन्या जागी आली नाही, अजून चौथ्या पानावर आहे.

मागच्या आठवड्यात आमच्याच रोडवरचा एक टॉवेलवाला चहाला आला. “माझी पण लिंक चढायला लागली,” म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. नंबर वेगळा, कंपनीचं नाव वेगळं, शीट तशीच हिरवी. मी चौदावी ओळ उघडली. दातांचा तोच लेख, सूज उतरायचे तेच दोन आठवडे, आणि त्यापुढच्या निळ्या शब्दांत माझं नाव काढून त्याचं घातलेलं होतं. किती दिले विचारलं. २८,३२० म्हणाला.