हूल द्यायची तर खुर्ची नीट निवडा: नौपाड्यातल्या एका गेमिंग कॅफेबद्दल

आधी खुर्चीचं सांगतो. या कॅफेत सोळा मशिनं आहेत, आठ-आठच्या दोन रांगा, समोरासमोर. सात नंबरची खुर्ची खिडकीला पाठ करून आहे. तिच्यावर बसून मी डिसेंबर ते मे या काळात भाच्याकडून इतक्या वेळा हरलो की घरी बायकोने विचारणंच सोडून दिलं. आज त्याच खुर्चीमुळे मी या जागेला चांगले गुण देतो आहे.

मी बासष्ट वर्षांचा. टीएमटीत, म्हणजे ठाण्याच्या शहर बससेवेत, टाइमकीपर होतो, आता निवृत्त. आमच्या घरी कॉम्प्युटर आला २००१ साली, मुलाच्या अभ्यासासाठी. अभ्यास किती झाला देव जाणे, पण त्यावर ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ होता आणि मुलगा झोपला की मी खेळायचो. आता त्याचीच २०१९ ची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ खेळतो, दर रविवारी भाच्याबरोबर. घरून ऑनलाइन खेळता आलं असतं. पण समोरच्याचा चेहरा दिसत नसेल तर हूल देण्यात काय मजा?

कॅफे नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, गुडघेवाल्यांनी विचार करून चढावा. तासाला साठ रुपये, तीन तासांचे दीडशे. गेम मशिनवर उतरवून ठेवलेला असतो, स्टीमचं, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं, खातं मात्र आपलं आपण आणायचं. एसी जोरात, शाल न्या. चहा आत नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. संडास स्वच्छ. एवढं पुरे, कारण यातलं काहीच माझ्या खेळाच्या आड येत नाही. आड येतात त्या दुसऱ्याच गोष्टी.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रत्येकाचं एक गाव असतं. लाकूड, अन्न, सोनं गोळा करायचं, एका युगातून पुढच्या युगात जायचं आणि मग समोरच्याच्या गावावर चालून जायचं. कधी जायचं, हाच सगळा खेळ. आणि नेमकी हीच वेळ लपवणं अवघड, कारण तुम्ही फ्यूडल या दुसऱ्या युगात पोचलात की गेम ती बातमी समोरच्याच्या पडद्यावर छापतो.

त्या एका ओळीवरून माझ्यासारखा माणूस बरंच काही काढतो. सुरुवातीला तीन व्हिलेजर, म्हणजे काम करणारे गावकरी, आणि एक टेहळणीचा घोडेस्वार, म्हणजे लोकसंख्या ४. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद. बावीस लोकसंख्येवर फ्यूडलला निघायचं तर आणखी अठरा व्हिलेजर, ४५० सेकंद. लूम नावाच्या सुधारणेचे २५ धरा. म्हणजे ७:५५ ला युग बदलायचं बटण दाबता येतं, वर युग बदलायला १३० सेकंद, तर १०:०५ ला बातमी यायला हवी. बातमी नऊच्या आसपास आली तर गडी कमी माणसांवर निघाला आहे, घाईत आहे, लवकरच दारात येणार. अकराच्या जवळ आली तर त्याने माणसं वाढवली आहेत, त्याला लढायचं नाही, पुढच्या कॅसल युगात जायचं आहे. डेपोत मी हेच करायचो. गाडी नाक्यावर किती वाजता आली यावरून ती कुठे रेंगाळली ते सांगायचो, आणि ड्रायव्हर म्हणायचे, साहेब, तुम्ही गाडीत होता का! (एक खुलासा: रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या, सामन्यांत गेमचं घड्याळ १.७ पट पळतं, आम्हीही तोच वेग ठेवतो. गेममधली १३० सेकंदं म्हणजे मनगटावरची साधारण ७६.)

तर वेळ लपत नाही. लपतं ते त्या वेळेचं तुम्ही काय करणार आहात ते. तिथे हूल चालते, आणि तिथेच कॅफेचा संबंध येतो.

पहिली गळती आवाजाची. या गेममध्ये तुम्ही जी इमारत निवडाल तिचा आवाज येतो. तबेला निवडला की घोडा खिंकाळतो. इथले एक ते सहा नंबरचे हेडफोन जुने आहेत, कानाभोवती नीट बसत नाहीत. पहिल्याच महिन्यात मी गुपचूप तबेला बांधला आणि समोरून भाचा म्हणाला, “मामा, घोडे का रे?” मी म्हटलं, “कुठले घोडे?” पण तोवर त्याचे भालेवाले रांगेत उभे होते. घोड्याला भालेवाल्यासारखा शत्रू नाही, आणि एक भालेवाला पडतो फक्त ३५ अन्न आणि २५ लाकडाला. सात ते दहा नंबरला नवे बंद हेडफोन आहेत, त्यातून आवाज फुटत नाही. म्हणून मी सातवर सरकलो. आगीतून फुफाट्यात.

दुसरी गळती प्रेक्षकांची. शनिवार-रविवारी कॉलेजची मुलं स्वतःचा नंबर लागेपर्यंत पाठीमागे उभी राहतात. मुलं गोड आहेत, मला काका म्हणतात. पण “काका, सोनं संपलं बघा!” असं पूर्ण खोलीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं तर तोच येऊन मागे उभा राहिला. यावर उपाय नाही. यासाठी अर्धा गुण कापला.

आणि एक, तास संपायला पाच मिनिटं उरली की बिलाची पाटी पडद्याच्या मधोमध येते. लढाईच्या मधोमध. आधीच तीन तासांचे पैसे भरा, म्हणजे कटकट नाही.

आता तिसरी गळती. ती मला सापडायला सहा महिने लागले.

मी प्रत्येक सामना वहीत लिहितो. तारीख, सुरू झाल्याची वेळ, दोघांच्या युगांच्या वेळा, निकाल. सवय. मे महिन्यात एकदा वही चाळताना दिसलं की आमचा पहिला सामना मी बऱ्याचदा जिंकतो आणि नंतरचे हरतो. दमत असेन, असं वाटलं. मग तारखा पाहिल्या. डिसेंबरात हरायला सुरुवात होत होती संध्याकाळी सहाच्या पुढे. मार्चमध्ये पावणेसातनंतर. मेमध्ये सव्वासात वाजेपर्यंत मी व्यवस्थित जिंकत होतो. वय काही ऋतूप्रमाणे पुढे-मागे होत नाही. माझं हरणं सूर्यास्ताबरोबर सरकत होतं.

पुढच्या रविवारी दिवे लागल्यावर मी भाच्याच्या खुर्चीवर जाऊन बसलो, केबल बघायच्या निमित्ताने. समोर माझी रिकामी खुर्ची, तिच्यामागे खिडकी, आणि बाहेर अंधार पडल्यामुळे काचेत माझा सगळा पडदा लख्ख. उलटा दिसतो, आकडे वाचता येत नाहीत. पण सोन्याचा ढीग उलटा असला तरी पिवळाच दिसतो, आणि त्याच्याभोवती किती माणसं राबतायत ते मोजता येतं. सोन्यावर लवकर माणसं म्हणजे तिरंदाज किंवा कॅसल, खूपशी अन्नावर म्हणजे घोडे. बावीस लोकसंख्येचा हिशेब करण्याची त्याला गरजच नव्हती.

मी काही बोललो नाही. काउंटरवर पडदा लावायलाही सांगितलं नाही.

एक कबुली द्यायला हवी. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. या गेममध्ये बाजारभाव सगळ्यांना मिळून एकच असतो. मी बाजार बांधला आणि भाच्याने त्याच्या बाजारातून अन्न घेतलं, तर माझ्याकडेही अन्न महागतं. तो तोंड मिटून बसलेला असतो आणि मला अन्नाचा भाव चढताना दिसतो, म्हणजे याला कॅसलच्या ८०० अन्नाला थोडं कमी पडतंय. पण ही गळती गेमनेच ठेवलेली आहे, दोघांना सारखी. काच फक्त त्याला होती.

भाचा स्वतः ‘स्टारक्राफ्ट टू’ जास्त खेळतो. हूल देण्याची त्याची शाळा ती. तिथे म्हणे नेक्सस नावाची मोठी इमारत समोरच्याच्या टेहळ्याला दिसेल अशी मांडायची, तो “हा वस्ती वाढवतोय” असं समजून परत गेला की ती रद्द करायची आणि त्या पैशांत सैन्य काढायचं. ४०० खनिजांतले ३०० परत मिळतात, म्हणजे थापेची किंमत १००. मला हा चोख हिशेब आवडला. त्यानेच मला बॉक्सरची गोष्ट सांगितली. ‘स्टारक्राफ्ट’चा हा कोरियन खेळाडू २००४ च्या एव्हर स्टारलीगच्या उपांत्य फेरीत यलो नावाच्या खेळाडूविरुद्ध पहिल्या सामन्यात थेट त्याच्या दारात बंकर, म्हणजे शिपायांची चौकी, बांधायला गेला आणि जिंकला. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही तेच, आणि ३-० ने मालिका संपली. भाच्याला ही गोष्ट लबाडीची वाटते. मला नाही वाटत. तिसऱ्यांदा कोण करेल, असं समोरच्याला वाटणं, हीसुद्धा हूलच.

तर जूनचा पहिला रविवार. बाहेर ढग, सातलाच अंधार. मी सात नंबरवर, भाचा समोर. हेडफोनचा आवाज मी शून्यावर आणला, विषाची परीक्षा नको.

काचेत दिसतो तो सगळा नकाशा नव्हे. मी नकाशाच्या ज्या कोपऱ्यात पडदा नेऊन ठेवीन तोच दिसतो. म्हणून मी पडदा सोन्याच्या खाणीवर नेला आणि तिथेच ठेवला. चार माणसं खाणीवर, नीट दिसतील अशी. बाकीची मेंढ्यांवर, बेरींवर, लाकडावर. तिकडे मी क्षणभर जायचो आणि लगेच परत सोन्यावर. टाऊन सेंटर, म्हणजे व्हिलेजर जिथून निघतात ती मुख्य इमारत, कीबोर्डच्या बटणावर ठेवलेलं, त्यासाठी पडदा हलवावा लागत नाही. शिवाय दोन व्हिलेजर जास्त काढून ५० सेकंदं उशिरा बटण दाबलं. बातमी आली १०:५५ ला. समोर भाचा खुर्चीत मागे रेलला. रेललेला माणूस कॅसलच्या हिशेबाला लागलेला असतो. सोनं आणि उशीर, म्हणजे मामा आज शांत आहे, आपणही शांतपणे शेती करू.

बराक मी आधीच बांधून ठेवली होती आणि ३५० लाकूड साठवलं होतं. बातमी आल्याबरोबर गावाच्या मागच्या बाजूला दोन तबेले, प्रत्येकी दोन माणसं कामाला. कोणी विचारेल, त्याचा घोडेस्वार येऊन बघून गेला नाही का? त्याने त्याचा घोडा शिकारीची हरणं गावाकडे हाकायला लावला होता. सहा महिने खिडकी फुकट मिळत असताना घोडा कशाला दमवायचा?

साडेबाराच्या सुमारास माझे पाच घोडे त्याच्या लाकूडतोड्यांत शिरले. तटबंदी नाही, भालेवाला एकही नाही. त्याने आधी पडदा पाहिला, मग सवयीने माझ्या डोक्यावरून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत अजून चार माणसं शांतपणे सोनं खणत होती.

“मामा, हे घोडे कुठून आले रे?”

“कुठले घोडे?” मी म्हटलं.

त्या दिवशी दिवे लागल्यानंतरचे तिन्ही सामने मी जिंकलो. दुसऱ्यात हूल बदलली. एक तिरंदाजीची शाळा त्याच्या घोडेस्वाराला दिसू दिली आणि तो वळल्यावर पाडून टाकली. एकदा पाहिलेली इमारत पुन्हा जाऊन पाहीपर्यंत समोरच्याच्या नकाशावर तशीच उभी राहते. तो बराच वेळ त्या नसलेल्या शाळेसाठी ढालवाले भालाफेके काढत बसला. तिसऱ्यात काहीच हूल दिली नाही, जे काचेत दिसलं तेच केलं, आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला नाही. तो सामना सगळ्यात लवकर संपला.

परतताना जिन्यात तो म्हणाला, “तू आज वेगळाच खेळलास.” खिडकीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. तलावपाळीला भेळ त्याने खाऊ घातली, यावरून काय ते समजा.

गुण द्यायचे तर पाचापैकी साडेतीन. हेडफोनचे अर्धा कापला, मागे उभं राहणाऱ्यांचे अर्धा, जिन्याचा अर्धा. मालकांना एक विनंती: पहिल्या सहा मशिनचे हेडफोन बदला, पण खिडकीला पडदा निदान दिवाळीपर्यंत लावू नका. नव्याने जाणाऱ्यांनी सात नंबर मागू नये. रविवारी पाच ते आठ तो माझा आहे, पैसे आधीच भरलेले असतात.