नवे म्हणून विकलेले भरलेले शॉकअप

पिकअपला शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) घ्यायला निघाला असाल तर हे आधी वाचा. मला जो माल नवा म्हणून विकला गेला, तोच आता नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आणखी काही गाड्यांखाली दिसतोय. चालक म्हणतात, "गाडी जरा कडक झालीय, पण शॉकअप दणकट आहेत." दणकट कसले, भरलेले आहेत ते, म्हणजे जुन्यातच दाट तेल भरून रंगवलेले.

माझी गाडी धंद्याची. नारायणगावात कॅरेट भरायचे, ओतूरवरून माळशेज उतरायचा आणि कल्याणमार्गे वाशी गाठायची. परतीला हौदा रिकामा असला की गाडीचं बूड नुसतं उड्या मारायचं. तेही चाललं असतं, पण भरल्या गाडीतही खालच्या थराचा टोमॅटो दबायला लागला. वाशीत एका कॅरेटमधला तडकलेला माल दिसला की व्यापारी सगळ्या गाडीचा भाव पाडतो. मिस्त्रीने मागचा कोपरा जोर लावून दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती डुलतच राहिली. मिस्त्री म्हणाला, चारही शॉकअप गेलेत.

शहरातल्या स्पेअरच्या गल्लीत एका दुकानदाराने नामांकित कंपनीच्या खोक्यातला शॉकअप काउंटरवर उभा केला. "दादा, तुमची गाडी माल वाहते ना? मग हा कडक घ्या. गॅसचा आहे. दाबून बघा." अंगाचा भार टाकला तरी तो जेमतेम सरकला. मग त्याने दुसऱ्या कंपनीचा शेजारी ठेवला. तो सहज दबला. "बघा, हा फॅमिली गाडीवाल्यांचा." भावही छापील किमतीपेक्षा बराच कमी.

फसवणुकीची सगळी मेख या दाबून बघण्यातच होती. वजन पेलणं शॉकअपचं काम नव्हे, ते पाट्यांचं, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. खड्ड्यात चाक गेलं की पाटे दबतात आणि उसळतात. ती उसळी आवरायची, एवढंच शॉकअपने करायचं. आत पातळ तेल असतं आणि ते पिस्टनच्या बारीक भोकांतून, झडपांतून ये-जा करतं. झडपा अशा बसवलेल्या असतात की बहुतेक शॉकअप दाबायला हलका आणि ओढायला जड लागतो. माझा दोन्हीकडे सारखाच जड होता. आत गिअरबॉक्सचं 90 नंबरचं ऑइल भरलेलं होतं, हे पुढे कळलं. दाट तेल काउंटरवर मजबूत वाटतं. रस्त्यावर मात्र चाकाचा प्रत्येक दणका सरळ हौद्यात येतो. पुलाचा एकेक सांधा माझ्या कमरेला मोजता यायला लागला.

त्यातून ऊन तापलं, घाट झाला, तेल गरम होऊन पातळ झालं आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी उड्या मारायला लागली. मागच्या एका शॉकअपच्या दांड्याच्या तोंडाशी तेल ओघळलेलं दिसलं.

दुकानदार म्हणाला, "नवीन आहेत, आत हवा असते. दोनशे-तीनशे किलोमीटर पळवा, बसतील." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पटतं. साधा तेलाचा शॉकअप आडवा पडून राहिला की त्यात हवा शिरते. पण ती बसवण्याआधी, शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून काढायची असते. गाडी पळवून काढायची ती गोष्ट नाही.

मिस्त्रीने ओघळलेला शॉकअप काढून पत्र्याच्या कडेने रंग खरवडला. काळ्या चकचकीत रंगाखाली जुना रंग निघाला, त्याखाली गंज आणि तळाजवळ करंगळीच्या नखाएवढा पितळी ठिपका. तिथे भोक पाडून जुनं तेल काढलं होतं, दाट तेल भरलं होतं आणि ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, भोक बुजवलं होतं. तारखेचा शिक्का असतो ती जागा ग्राइंडरने घासलेली. दोन्ही टोकांचे रबरी बुश नवे, पण त्यांच्यावरही रंगाचा फवारा उडालेला. कारखान्यात रबरावर रंग मारत नाहीत. (तुम्ही मात्र घरी शॉकअप कापायच्या फंदात पडू नका. खरंच गॅसचा निघाला तर आत दाब असतो.)

गॅसचा शॉकअप ओळखायला कापावा लागतही नाही. दाबून सोडला की दांडा आपोआप हळूहळू बाहेर येतो, म्हणूनच नवा येतो तो बहुधा पट्ट्याने आवळून. माझा जिथे दाबला तिथेच राहिला. आणि दांड्यावरून नख फिरवा. क्रोम आरशासारखं गुळगुळीत हवं. एक जरी खड्डा लागला तरी तेल अडवणारं ऑइल सील फाटणारच.

भरलेले शॉकअप विकायला माझी हरकत नाही. कित्येक गॅरेजमध्ये ते उघडपणे भरलेले म्हणून कमी पैशात मिळतात आणि हंगामापुरती गाडी ढकलायची असेल तर लोक समजून घेतात. नव्याच्या खोक्यात घालून नव्याच्या भावाला विकणं, ही चोरी आहे.

बिलाचं तेच. "पक्कं बिल हवं असेल तर वर जीएसटी लागेल," असं कोणी म्हटलं की तिथेच सावध व्हा. खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असायलाच हवा. माझ्या खोक्यावर महिन्याच्या जागी दुसरी चिठ्ठी चिकटवलेली होती. मला मिळाली कच्ची पावती, तिच्यावर फक्त 'शॉक 4 नग'. यूपीआयने दिलेले पैसेही दुकानाच्या नावावर न जाता कुणा वेगळ्याच माणसाच्या खात्यात गेलेले.

तरी तक्रार करता येते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. धंद्याच्या गाडीची तक्रार ग्राहक म्हणून घेत नाहीत, असं मला दोघांनी ठासून सांगितलं होतं. ते चूक आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण ग्राहकच ठरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फीही लागत नाही.

तक्रार गेल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. पैसे परत देतो, पण आधी चारही शॉकअप आणि खोकी जमा करा, असा त्याचा निरोप आलाय. तीन द्यायला तयार आहे असं मी कळवलंय. खरवडलेला एक आणि चिठ्ठीचं खोकं पैसे खात्यात आल्याशिवाय हलणार नाही.