१२ आठवड्यांचा ऑनलाइन वेट लॉस प्लॅन: पैसे भरायच्या आधी हे वाचा

मी नाशिकच्या सिडकोत ब्लाऊज शिवते, १७ वर्षं झाली. दिवसाला आठ-दहा बायकांची मापं हातातून जातात, त्यामुळे बाईचं शरीर किती दिवसांत किती बदलतं हे मला नीट माहितीये. तरीही मी ११,९९९ रुपये भरले. कोचचं नाव लिहीत नाही, पण असे प्लॅन आता ढिगाने आहेत आणि सगळ्यांची पद्धत साधारण हीच आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात झाली गुडघ्यापासून. पायमशीन मारून मारून उजवा गुडघा धरला होता म्हणून दवाखान्यात गेले, तर तिथे आधी काट्यावर उभं केलं, उंची १५५, वजन ७०, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा २९, आणि डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, सगळं आपोआप ठीक होईल. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. घरी आले, रात्री फोन उघडला तर समोर हीच जाहिरात, आणि दिवसभर डोक्यात तो २९ आकडाच फिरत होता, भरले पैसे. दवाखान्यात आधी लाज वाटायला लावतात आणि त्या लाजेवर ही मंडळी दुकान चालवतात, असं मला आता स्पष्ट दिसतं.

प्लॅनमध्ये काय मिळतं तर एक व्हॉट्सॲप ग्रुप, डाएटची पीडीएफ, आणि दर सोमवारी काट्याचा फोटो टाकायचा. पीडीएफमध्ये पोळी बंद, भाकरी बंद, भात बंद. आमच्या घरी नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी रोजची, मी विचारलं नागली चालेल का, तर उत्तर आलं "मॅम नो कार्ब्स". प्रोटीन पावडर मात्र त्यांच्याच लिंकवरून घ्यायची, ती ११,९९९ मध्ये नाही, वेगळी.

पहिल्या आठवड्यात २.९ किलो उतरलं. ग्रुपवर टाळ्या, माझा आकडा स्टोरीला. पण मला सवय आहे टेप लावायची, लावली, कंबर साडेछत्तीस इंच होती ती साडेछत्तीसच. काटा तीन किलो खाली आणि टेप जागेवर, हे कसं? मग भाचीला विचारलं, ती फार्मसीला आहे, तिने समजावलं की आपण खातो त्या पोळी-भातातली साखर लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, पोळी-भात बंद केला की तो साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. म्हणजे उतरलं त्यात बरंचसं पाणीच होतं. पहिल्या आठवड्याचा हाच आकडा दाखवून पुढच्या बायका आणतात.

चरबीचे टक्के दाखवणारा काटा पण घ्यायला लावला. सकाळी उठल्यावर ३८ टक्के, त्याच दिवशी संध्याकाळी ३५. तो काटा तळपायातून बारीक करंट सोडतो आणि अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, पाणी कमी-जास्त झालं की आकडा हलतो. त्यावरून ग्रुपमध्ये बायकांना शाबासकी आणि बोलणी मिळत होती.

पाचव्या आठवड्यापासून वजन हलेना. कोचचा मेसेज, सगळ्यांसमोर, "मॅम तुम्ही चीट करताय." मी एक घासही जास्त खाल्ला नव्हता. सातव्या आठवड्यात एका ताईंचा पैठणीचा ब्लाऊज पीस कापत होते, दुपारचे साडेबारा, सकाळपासून दोन अंडी आणि काकडी पोटात, डोळ्यांसमोर अंधारी आली आणि कात्री गळ्याच्या खुणेच्या इंचभर आत गेली. साडीबरोबर आलेला पीस तो, दुसरा कुठून आणणार. मागच्या गळ्याला काठाची पट्टी जोडून कसाबसा निभावला, त्या काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्या दिवशी भाकरी खाल्ली आणि प्लॅन सोडला.

आता फोटोंचं सांगते कारण बायका फोटो बघूनच पैसे भरतात. आम्हाला सूचना होत्या. 'आधी'चा फोटो संध्याकाळी, जेवून झाल्यावर, सैल उभं राहून. 'नंतर'चा सकाळी उपाशीपोटी, श्वास आत घेऊन, जरा तिरकं उभं राहून, कमरेच्या वर चढणारी काळी लेगिंग. मी हे एकाच दिवसात करून पाहिलं, मुलीने फोटो काढले. टेपने दीड इंचाचा फरक आणि फोटोत तर दोन वेगळ्या बायका वाटतात. ट्रायलला बायका श्वास रोखून उभ्या राहतात तेव्हा मी म्हणते ताई श्वास सोडा, नाहीतर हूक तुटेल. फोटोत कोणी सोडायला सांगत नाही.

आणि नंतर काय होतं ते मी टेबलावर बघते. मी बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड ठेवते. हल्ली बायका येतात, ताई वजन उतरलंय, घट्ट करून द्या. सहा-आठ महिन्यांनी तोच ब्लाऊज परत, आता माया सोडा. उसवला की जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी दिसतात, एकीच्या ब्लाऊजला तर तीन ओळी होत्या. प्रत्येक वेळी ती मान खाली घालूनच सांगते. तिची काय चूक? अमेरिकेत १९४४-४५ साली मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं होतं, त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही, फक्त अन्न, आणि खायला मिळाल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने भागेना. शरीर उपाशी राहिलं की खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं, ते आळशी म्हणून नाही.

बीएमआयचंही वाचलं मग. मूळ सूत्र १८३०च्या दशकातलं, केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, तो लोकसंख्येची सरासरी बघत होता, एकेका माणसाची तब्येत नाही. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आकडा सारखा आणि आतली गोष्ट दुप्पट वेगळी. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना शुगर होते ती उगीच नाही, माझी आई आयुष्यभर ४८ किलोची, तरी डायबेटिस. म्हणून वजन काही मॅटर करत नाही असं मी म्हणत नाहीये, भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात आणि माझी नाहीये. पण त्यासाठी शुगर, बीपी, कंबर बघा, गुडघा दुखतोय तर गुडघा बघा.

चांगलं एकच, प्रोटीनकडे लक्ष गेलं, डाळ-उसळ वाढवली. गुडघ्यासाठी फिजिओकडे जाते, मांडीचे व्यायाम दिलेत, दोन महिन्यांत जिना चढताना दुखणं निम्म्यावर आलं, वजन तेव्हा ६९ होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालते, तिथे फोटो मागायला कोणी नसतं.

ऑगस्ट २०२३ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत, आरोग्याचा सल्ला देताना शिक्षण, सर्टिफिकेट असेल तर ते सांगायचं, नसेल तर हा डॉक्टरी सल्ला नाही असं स्पष्ट लिहायचं. यांच्या पानावर दोन्ही नाही. मी विचारलं कोर्स कुठला केलाय, तर ग्रुपमधून काढलं.

१ स्टार. उरलेल्या पाच आठवड्यांचे पैसे मागितलेत, १९ दिवस झाले, निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. सोमवारी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर तक्रार करतेय, काय झालं ते इथेच लिहीन.