उपकरण तयार आहे, पण पैसे कोण देणार? एका सल्लागार सेवेचा आमचा अनुभव

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आम्ही पाच जण मिळून जखमेवर लावायचं सक्शन मशिन बनवतो. वॉर्डात सगळे त्याला 'व्हॅक' म्हणतात. जखमेत फोम बसवायचा, वरून पारदर्शक फिल्म चिकटवायची आणि पंपाने आतला स्राव हळूहळू ओढून घ्यायचा. मधुमेहाने चिघळलेले पाय, अपघातातल्या उघड्या जखमा, बेडसोअर यांवर ते लावतात. आपल्याकडे अशा जखमा किती येतात हे कुठल्याही सरकारी सर्जरी वॉर्डात अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं.

परवाना हातात आला, आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांचं गुणवत्ता प्रमाणपत्र झालं आणि त्यानंतर सात महिने एकही पंप विकला गेला नाही. सर्जन मंडळींना मशिन आवडायचं. "छान आहे, ठेवून जा," म्हणायचे. ऑर्डर मात्र यायची नाही. आम्हाला वाटायचं दर जास्त आहे, मग आम्ही दर उतरवला. तरी तेच.

या काळात आम्ही एका मोठ्या शहरातल्या सल्लागार कंपनीला पैसे दिले. नाव लिहीत नाही. अर्धी फी आगाऊ घेतली आणि दोन महिन्यांनी चौऱ्याऐंशी स्लाइडचं प्रेझेंटेशन पाठवलं. त्यातल्या साठेक स्लाइड अमेरिका आणि जर्मनीवर. तुमच्या उपकरणासाठी अमेरिकेत नवा बिलिंग कोड, म्हणजे विम्याकडे पैसे मागताना लिहायचा उपचाराचा क्रमांक, मिळवून देऊ, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून ते खरं वाटलं. वडिलांनी दुसऱ्या लेथसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

आता ज्यांच्याबद्दल लिहायला बसलोय त्या मॅडम. त्या पुण्यात असतात, उपकरणाचे पैसे विमा आणि सरकारी योजनांतून कसे मिळतील हे शोधून देतात, एका वेळी दोनच कंपन्यांचं काम घेतात आणि जाहीर नाव नको असं त्यांनीच सांगितलंय. आधी बारा वर्षं एका रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर होत्या, म्हणजे क्लेम का कापला जातो हे त्यांनी रोज हाताने पाहिलेलं.

पहिल्याच फोनवर त्यांनी अमेरिकेचा विषय दहा मिनिटांत संपवला. व्हॅकसाठी तिथे कोड आधीपासून आहेत: भाड्याने घरी देतात त्या पंपाच्या ड्रेसिंगला ९७६०५ आणि ९७६०६, वापरून टाकून द्यायच्या पंपाला ९७६०७ आणि ९७६०८. जखम पन्नास चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर जोडीतला पहिला, मोठी असेल तर दुसरा. "जे आहे ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला फी कशाची?" असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी समजावलं ते मला त्या प्रेझेंटेशनमध्ये कुठेच दिसलं नव्हतं. तिथे तीन दारं वेगवेगळी असतात. कोड असणं हे एक, विमा त्या उपचाराला मान्यता देतो का हे दुसरं, आणि किती पैसे देतो हे तिसरं. एफडीए, म्हणजे तिथली औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था, फक्त उपकरण सुरक्षित आणि परिणामकारक आहे का ते बघतं. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी विमा, 'वाजवी आणि गरजेचं' आहे का ते विचारतो. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं येतंच असं नाही. "तुम्ही आधी लातूर-बीडमध्ये विका," म्हणाल्या, आणि अमेरिकेची फाइल बंद केली.

जुन्या प्रेझेंटेशनमध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणेकडे अर्ज करण्याचीही एक स्लाइड होती. मॅडमनी सांगितलं की तिथे विषय सरकारी खात्यांकडून येतात. खासगी कंपनीने फी भरून दार ठोठवायची ती जागा नाही. तेही पान फाटलं.

मग त्या स्वतः आल्या. पुण्याहून एसटीने, सकाळी साडेसहाला निघून. मी गाडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाल्या. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका पन्नास खाटांच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि नावं झाकून चाळीस जुन्या डिस्चार्ज फायली काढून ठेवल्या होत्या. मॅडमनी मेट्रनच्या टेबलावर बसून त्या एकेक उघडल्या आणि दोन ढीग केले. चार तास. चहा दोनदा आला आणि दोनदा गार झाला.

पहिला ढीग ठरावीक पॅकेजच्या शस्त्रक्रियांचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात आपलं नांदेडही होतं, आणि १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. शस्त्रक्रियेला एकच रक्कम मिळते. खाट, औषधं, ड्रेसिंग, जेवण सगळं त्यातच. म्हणजे या फायलींतल्या पॅकेजमध्ये आमच्या किटचे, फोम-फिल्मच्या संचाचे, पैसे वेगळे मिळत नाहीत, ते रुग्णालयाच्या त्या रकमेतून जातात. सर्जनला मशिन आवडूनही ऑर्डर का येत नव्हती, ते इथे कळलं. आवडणारा वेगळा होता आणि खिसा वेगळ्याचा.

पण त्याच ढिगात आमची बाजूही होती. पाय साफ केल्यावर त्वचारोपणासाठी जखम तयार व्हायला रुग्ण जितके दिवस पडून राहतो, तितके दिवस खाट अडते आणि पॅकेजची रक्कम तीच राहते. जखम लवकर भरली तर तीच खाट दुसऱ्या रुग्णाला मिळते.

दुसरा ढीग दिवसागणिक दराच्या औषधोपचारांचा. आयुष्मान भारतच्या रचनेत अशा बऱ्याच पॅकेजना रोजचा दर असतो. तिथे रुग्ण लवकर घरी गेला तर रुग्णालयाची रक्कम कमी होते. "इथे तुमचं मशिन जितकं चांगलं, तितकं यांना महाग पडणार," असं त्यांनी सरळ सांगितलं आणि त्या ढिगावर वेळ घालवू नका म्हणाल्या. आम्ही वर्षभर दोन्हीकडे एकच भाषण देत फिरत होतो.

फायली झाल्यावर त्या वॉर्डात गेल्या. तिथे सिस्टर नेहमीचं देशी व्हॅक लावत होत्या: वाफेने निर्जंतुक केलेला साधा स्पंज, रायल्स ट्यूब (एरवी नाकातून घालतात ती नळी), वरून फिल्म आणि भिंतीवरचं सक्शन. किंमत आमच्या किटच्या एक चतुर्थांशसुद्धा नाही. आम्ही बाजारातल्या परदेशी पंपांशी तुलना करून तक्ते केले होते. मॅडमनी त्या स्पंजकडे बोट दाखवून विचारलं, "याच्यापेक्षा तुमचं किती चांगलं, ते मोजलंय का?" मोजलं नव्हतं.

मग आमचं किट लावलं. केजकडचे एक शेतकरी काका होते, टाचेच्या वर जखम. सिस्टरनी आमचा फोम कात्रीने कापला, अर्ध्याहून कमी जखमेत बसवला आणि उरलेला किडनी ट्रेमध्ये टाकला. मॅडमनी ग्लोव्ह घातले, ट्रेमधले काळे तुकडे उचलून टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि फूटपट्टीने मोजले. तीन ड्रेसिंगचे तुकडे असेच मांडले. आम्ही दिलेल्या फोममधला निम्म्याहून जास्त त्या ट्रेमध्ये होता. शेजारी उभे असलेले वॉर्डातले मामा म्हणाले, "साहेब, एवढं मोठं कामून देता? पायाच्या जखमा बारक्याच असत्यात." हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यांना विचारायला आम्ही कधी गेलो नव्हतो.

त्या तुकड्यांवरून आम्ही लहान किट काढलं. किंमत १४०० रुपयांवरून ९०० वर आली, तीही दर न उतरवता, फक्त वाया जाणारा फोम कमी करून.

मेडिक्लेमच्या रुग्णांसाठी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, पण नेमकी. विमा कंपन्यांच्या यादीत कापूस, गॉज, सर्जिकल टेप या वस्तू शस्त्रक्रियेच्या खर्चात धरलेल्या असतात, त्यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. आमच्या चलनावर 'ड्रेसिंग किट' एवढंच छापलेलं होतं, त्यामुळे क्लेम डेस्कवरची मुलं ते गॉजच्या ओळीत टाकायची. आता चलनावर परवान्यावरचं उपकरणाचं पूर्ण नाव, लॉट नंबर आणि सोबत सर्जनची लेखी नोंद जाते. काही लपवायचं नाही, फक्त आहे ते नीट लिहायचं.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. खाटेच्या दिवसांचा हिशेब दोन आठवड्यांत देणार होत्या, पाच लागले. अहवाल इंग्रजीत आला आणि तो वाचून वडिलांना समजावण्यात माझे दोन रविवार गेले. सरकारी खरेदीत त्यांचा हात कच्चा आहे. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी, उद्यम या लघुउद्योग नोंदणीवरून अनामत रकमेची सूट, टेंडरची कागदपत्रं यातलं त्यांनी फारसं काही केलं नाही. ते काम आम्हाला जालन्याच्या एका टेंडरवाल्याकडून करून घ्यावं लागलं. सरकारी रुग्णालयांनाच विकायचं असेल तर एवढ्या एका सेवेवर विसंबू नका.

फी तीन टप्प्यांत घेतली. पहिला टप्पा फायली बघण्याचा, आणि तो झाल्यावर "तुमच्या उपकरणाला पैसे मिळण्याची वाटच नाही" असं दिसलं तर पुढचे दोन टप्पे रद्द, अशी अट त्यांनी स्वतः कागदावर घातली होती. जुन्या कंपनीला दिलेल्या रकमेच्या निम्मीही झाली नाही.

सध्या लहान किट तीन खासगी रुग्णालयांत दर महिन्याला जातं. विक्री अजून मोठी नाही. पण आता आम्ही आधी रुग्णालयाच्या हिशेबनिसाला भेटतो आणि मग सर्जनला.

ज्यांचं उपकरण अजून ड्रॉइंगवर आहे त्यांनी या सेवेकडे आत्ताच जावं. आमच्या मोल्डचे पैसे मोठ्या फोमच्या मापावर खर्च झाल्यानंतर आम्ही गेलो. तो मोल्ड अजून युनिटच्या कोपऱ्यात उभा आहे.