बंद लॅपटॉप, 9,500 रुपये आणि कोणीही न मोजलेला चार्जर

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी, माझा लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबले तरी ना दिवा लागला, ना पंख्याचा आवाज आला. वर्षभराचे नियोजन त्यातच होते आणि ते मंगळवारी मुख्याध्यापकांकडे द्यायचे होते. त्या घाईत मी मोबाइलवर कंपनीचे नाव आणि ‘सेवा केंद्र, पुणे’ एवढेच टाकले आणि सर्वांत वर आलेला क्रमांक फिरवला. तो जाहिरातीतला होता आणि कंपनीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे आपण एव्हाना ओळखले असेलच. खरा क्रमांक खरेदीच्या कागदांवर छापलेला होता आणि ते कागद माझ्यापासून चार हातांवरच्या कपाटात होते.

तासाभरात कंपनीचे बोधचिन्ह असलेला सदरा घातलेला एक तरुण घरी आला. त्याने भेटीचे 350 रुपये आधीच घेतले, बटण दोनदा दाबले, लॅपटॉप कानाशी नेला आणि म्हणाला, “सर, मदरबोर्ड गेलाय.” म्हणजे लॅपटॉपच्या आतला मुख्य बोर्ड.

खरे तर मी तेव्हाच त्याला घालवून द्यायला हवे होते. चार्जर टेबलावरच, भिंतीतल्या सॉकेटला लावलेला होता, सॉकेटचे बटण चालू होते आणि चार्जरवरचा एरवी लागणारा बारीक हिरवा दिवा विझलेला होता. त्या माणसाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी 21 वर्षे विज्ञान शिकवतो. परिपथ चालत नसेल तर आधी स्रोत तपासा, मग तारा, आणि उपकरणाला दोष सर्वांत शेवटी द्या, हे दहावीच्या मुलांना मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. प्रयोगशाळेतून दुरुस्तीसाठी घरी आणलेला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, त्या क्षणी पुस्तकांच्या फळीवर होता; त्याच्या लाल-काळ्या तारा खाली लोंबत असलेल्या मला दिसत होत्या. तरीही मी “किती खर्च येईल?” एवढेच विचारले.

माझ्या बाजूने सांगायचे तर समोरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता, माझ्या डोक्यावर मंगळवार होता, आणि डॉक्टरने रोग सांगितल्यावर आपण काही त्याच्या हातातून स्टेथोस्कोप मागून घेत नाही. घरी कोणालाही हा युक्तिवाद पटलेला नाही.

त्याने आगाऊ 2,000 रुपये घेतले आणि लॅपटॉप, चार्जर दोन्ही नेले. पावती हाताने लिहिलेली होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि यूपीआयवर दुकानाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे ते नाव वाचा. मी ते वाचले आणि तरीही पाठवले. मंगळवार अर्थातच हुकला. गुरुवारी लॅपटॉप चालू होऊन परत आला. मदरबोर्ड दुरुस्ती 6,500, नवा चार्जर 1,450 आणि ‘माहिती सुरक्षित ठेवण्याचे’ 1,200, असे 9,150 रुपयांचे बिल होते. आगाऊ रक्कम वजा जाता मी 7,150 रुपये दिले आणि वर आभारही मानले. जुना चार्जर तेवढा मी आठवणीने मागून घेतला. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचे म्हणावे असे एवढेच एक काम माझ्या हातून झाले.

पुढे लॅपटॉप फारच संथ चालू लागला, म्हणून जुलैत बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने खालचे झाकण उघडले आणि मलाच वाकून पाहायला सांगितले. मदरबोर्डवर दोन वर्षांची धूळ, साबुदाण्याच्या पिठासारखी, एकसारखी बसलेली होती. ज्या बोर्डावर दुरुस्तीसाठी गरम हवेची गन फिरली, त्यावर धूळ अशी कशी राहील? नव्या डाखाची किंवा डाख देताना लावतात त्या फ्लक्सच्या डागाची खूण कुठेही नव्हती. मग त्याने जुन्या चार्जरच्या पिनेला मल्टिमीटर लावला. चार्जरवर 19.5 व्होल्ट छापलेले होते. मीटरने शून्य दाखवले. चार्जर मेला होता, त्यामुळे बॅटरी संपली होती. बिघाड एवढाच होता. तसाच चार्जर त्या गल्लीत 750 रुपयांना मिळत होता. (टाइप-सी चार्जर मात्र असा नुसता मोजू नका, उपकरण जोडल्याशिवाय तो चांगला असला तरी शून्यच दाखवतो.) शिवाय खरेदीच्या बिलाप्रमाणे 8 जीबीच्या दोन रॅम (चालू कामाच्या मेमरीच्या) पट्ट्या असायला हव्या होत्या, तिथे 4 जीबीची एकच होती.

त्यानंतरचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा होता. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी मला, “सर, लॅपटॉप चालू करून दिला ना? मग फसवणूक कसली?” असे विचारण्यात आले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 मी घरून वाचून गेलो होतो. ते ऐकून समोरच्या गृहस्थांनी चहा मागवला, स्वतःपुरता. तिसऱ्या फेरीला अदखलपात्र नोंद झाली आणि तिच्यात रॅम चोरीचा उल्लेखच नव्हता, कारण ‘रॅम म्हणजे काय’ यावर आमची वीस मिनिटे गेली होती. बँकेने सांगितले की पिन आपणच टाकला, त्यामुळे व्यवहार वैध आहे. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून तो मार्ग धरला, तर प्रतिपक्षाचा पत्ता हवा. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो, तिथे पिठाची गिरणी निघाली. पत्ता पोलिसांनी शोधावा, पोलिसांनी म्हणायचे ग्राहक आयोगात जा, आणि आयोगाच्या खिडकीवर पुन्हा पत्ता मागायचा, असे हे गोल फिरणे चालू आहे.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासाला फोन करा. मी पाच आठवड्यांनी जागा झालो. लॅपटॉप सुरू होत नसेल तर चार्जर काढून बटण 30 सेकंद दाबून धरा, मग दुसऱ्या सॉकेटवर आणि कोणाचा तरी तसाच चार्जर उसना आणून लावून पाहा. दुरुस्तीला देताना रॅम आणि डिस्कचा तपशील पावतीवर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर झाकण आपल्यासमोर उघडायला लावा.

मागच्या आठवड्यात त्याच क्रमांकावरून मला फोन आला. वार्षिक देखभाल करार 2,999 रुपयांत देत होते. मी दुकानाचा पत्ता विचारला, तेव्हा फोन कट झाला.